मोफत वकील सेवा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सोलापूर: ज्यांचं माणूस जेलमध्ये अडकलंय त्यांनी वाचाच

आमच्या शेजारी यंत्रमागावर काम करणारं कुटुंब आहे, त्यांचा पोरगा चोरीच्या केसमध्ये आत होता, त्याच्या आईसोबत मी या ऑफिसला गेलो म्हणून लिहितोय. आधी एका खासगी वकिलाला पैसे देऊन झालेले, जामीनपण मंजूर झालेला, तरी पोरगा आतच कारण जामीनदार मिळेना. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडं सातबारा कुठला आणि ऐपतीचा दाखला कुठला, आणि सोयरे सगळे कर्नाटकातल्या इंडीकडचे, ते बिचारे यायला तयार होते पण बाहेरच्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही म्हणून त्यांना परत पाठवलेलं.

इथं साधा अर्ज, आधार, केस नंबर आणि जामिनाच्या ऑर्डरची कॉपी एवढंच घेतलं. उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, लागतच नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जो कोठडीत आहे त्याला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी आईला मराठी नीट कळत नाही बघून सगळं कन्नडमध्ये सांगितलं, ती माऊली तिथंच रडायला लागली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला कुणी केस समजावून सांगितली होती. मॅडमनी अर्ज टाकला की जामीनदाराची अट काढून पर्सनल बाँडवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर सोडा. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्येच सांगितलंय की स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नका, जामीन होऊन ७ दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात बाँड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं. १९७८ सालच्या मोतीराम केसमध्येपण हेच होतं, गवंडी माणूस, १०,००० चा जामीन, आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारलेला, शेवटी कोर्टानं १,००० च्या बाँडवर सोडलं. इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडं लोक याच अटीपायी अडकतात याचा खरंच राग येतो.

पोरगा सुटला. रुपया लागला नाही.

आता जेलमध्ये गर्दी झाली की नवीन जेल बांधा म्हणतात. २०२२ च्या सरकारी आकड्यात देशभरात जागा ४,३६,२६६ आणि माणसं ५,७३,२२०, त्यातले शंभरातले ७५-७६ कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच नाही. मग कितीही भिंती बांधा, सुटू शकणारी माणसं पैशाअभावी आत राहणार असतील तर त्यापण भरणारच की. त्यापेक्षा असे वकील वाढवा, त्यांना नीट मानधन द्या. नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ आहे, पहिलाच गुन्हा असेल तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सोडायचं, साध्या चोरीला ३ वर्षं शिक्षा म्हणजे १ वर्ष झालं की (जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, आणि एकापेक्षा जास्त केस चालू असतील तर नाही). अर्ज जेल अधीक्षकांनीच करायचा आहे, पण घरच्यांनी तारखा मोजून मागं लागलेलं बरं. जामिनाचे पैसेच नसतील तर केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, त्यात सुरुवातीला ४०,००० पर्यंत मदत ठरली होती, तिचंपण इथंच विचारा.

सेवेला माझ्याकडून पाचपैकी पाच. एक मागणी मात्र आहे, सोलापूरच्या पूर्व भागात आणि विडी घरकुल वस्तीत या सेवेचे बोर्ड तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लावा, कारण अटक झाल्या झाल्या हे कुणी सांगत नाही आणि लोक दागिने गहाण टाकून बसतात. हेल्पलाईन १५१००. आत असलेल्या माणसाला जेलमधूनसुद्धा अर्ज करता येतो, मुलाकातीला गेलात की त्याला सांगा.