चार डायोडच्या लेझरसाठी पोलोग्राउंडचं लेथ वर्कशॉप

घरी निळा लेझर करतोय म्हटलं की लोक आधी डायोड, म्हणजे किरण देणारा छोटा भाग, कुठून आणला ते विचारतात. डायोड, त्याला प्रवाह पुरवणारा ड्रायव्हर, लेन्स सगळं घरपोच मिळतं. काम अडतं ते धातूपाशी, म्हणून हा अभिप्राय इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या एका छोट्या लेथ वर्कशॉपबद्दल. पाटी नाही, आत एक लेथ, एक मिलिंग मशीन आणि मराठी बोलणारे एक काका.

माझ्या रचनेत ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या (निळ्या प्रकाशाच्या) आसपासचे चार डायोड आहेत आणि त्यांचे किरण मिळून एक करायचे आहेत. दोन-दोन किरण आरशाच्या धारेवरून शेजारी आणायचे, मग एका जोडीचं ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) हाफ-वेव्ह प्लेट या चकतीने ९० अंश फिरवून पोलरायझिंग क्यूबमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या ध्रुवणांचे किरण एकत्र आणणाऱ्या काचेच्या ठोकळ्यात, दोन्ही जोड्या एकावर एक बसवायच्या. आरसा एक मिलिरेडियन (कोनाचं बारीक माप) कलला की किरण दोन मिलिरेडियन वळतो, म्हणजे १० मीटरवर ठिपका दोन सेंटीमीटर सरकतो. हे सगळं ज्यावर बसतं ती खालची प्लेट तापून जराशी वाकली तरी जुळवलेले किरण विखुरतात. इतका अचूकपणा गोंद आणि पत्र्याच्या पट्ट्यांनी येत नाही.

काकांना लेझर म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. १९८४ पासून गावात ‘कॅट’ आहे, म्हणजे आताचं राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र, आणि तिथे लेझरवर संशोधन चालतं. त्यामुळे लेझर हा शब्द इंदुरात कानावरचा. त्यांनी एकच विचारलं, “तापणार किती?” प्रश्न अगदी नेमका होता. एका डायोडला साडेचार व्होल्ट आणि ३ अँपिअर दिले तर साडेतेरा वॅट आत जातात आणि त्यातले निम्म्याहून जास्त उष्णता होऊन बसतात. म्हणून डायोड ज्यात बसतो ती घरं तांब्याची. तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उष्णता कितीतरी चांगली वाहून नेतं, पण लेथवर चिकट. हत्याराला धार नसली की ते कापलं न जाता ओरबाडलं जातं. काकांनी प्रत्येक घरासाठी हत्यार नव्याने घासलं. नऊ मिलिमीटरच्या डायोडचं भोक असं काढलं की तो बोटाच्या दाबाने सरकतो आणि हलत नाही. घट्ट झालं असतं तर डायोडवर ताण आला असता, सैल राहिलं असतं तर उष्णता बाहेर पडली नसती. ही चारही घरं मी भिंगाखाली पाहिली आणि मला फार आनंद झाला.

खालची प्लेट १२ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची. मिलिंग झाल्यावर ती सरफेस प्लेटवर (तपासणीच्या अगदी सपाट पाटावर) ठेवून त्यांनी कोपऱ्या-कोपऱ्यावर उंचीतला बारीक फरक दाखवणारा डायल फिरवून ती सपाट असल्याचं दाखवलं, न मागता.

उणिवाही सांगतो. एम-३ (३ मिलिमीटरच्या) स्क्रूच्या आट्यांच्या कडेला बर, म्हणजे कापताना वर आलेली धातूची खरखरीत कड, राहिली होती, त्यामुळे आरशांचे माउंट नीट टेकत नव्हते. ऑइल स्टोनवर घासून घ्यावी लागली. दिलेली तारीख पाळतीलच असं नाही, पक्कं बिल मिळत नाही. काळं अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवर काळा थर चढवणं) तिथे होत नाही, ते बाहेरून करून घ्या आणि टाळू नका, कारण उघड्या चकचकीत धातूवरून भटके किरण कुठेही उसळतात.

त्यावरून एक कळकळीची विनंती. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर चौथ्या वर्गात मोडतो. अशा लेझरचा भिंतीवरचा नुसता ठिपकाही डोळ्याला इजा करू शकतो. याच तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेला, ओडी (तो प्रकाश किती अडवतो त्याचा आकडा) लिहिलेला चष्मा आधी घ्या, डायोड नंतर. किरण जुळवताना प्रवाह लेझिंग, म्हणजे लेझर किरण निघणं, जेमतेम सुरू होईल एवढाच ठेवा आणि तेव्हाही चष्मा काढू नका. वर्कशॉपमध्ये तर लेझर नेऊच नका. मी मापासाठी फक्त निकामी डायोड नेला होता.

जाणार असाल तर सकाळी जा, दुपारनंतर कारखान्यांची कामं येतात. तांब्याचा गज स्वतः घेऊन जा आणि कागदावर मापाशेजारी किती कमी-जास्त चालेल तेही लिहा. काका ते वाचतात आणि पाळतात.