गोंदवल्याचा भक्तनिवास आणि प्रसाद: दोन दिवसांचा मुक्काम

कंपनीतल्या कपातीच्या यादीत आपले नाव असेल की नाही हे कोणीच सांगत नव्हते आणि घराच्या कर्जाचे हप्ते अजून सहा वर्षे फेडायचे होते, अशा मनःस्थितीत मी जुलैमध्ये दोन दिवस गोंदवल्याला राहून आलो. श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांचे (१८४५-१९१३) समाधिमंदिर असलेले गोंदवले बुद्रुक हे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, सातारा-पंढरपूर रस्त्यावर दहिवडीच्या पुढे लागते.

निवासाबद्दल थोडक्यात सांगतो. ओळखपत्र दाखवून नोंद केली की राहण्याची सोय होते आणि त्याचे भाडे घेतले जात नाही. खोली साधी व स्वच्छ होती. याहून अधिक अपेक्षा ठेवून येथे येऊ नये.

प्रसादाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. दुपारी आणि रात्री पंगती बसतात. कोण कोठून आला, त्याने देणगी दिली की नाही, याची चौकशी होत नाही. आमटी-भात वाढणारे सेवेकरी आग्रहाने वाढतात आणि वाढता वाढता त्यांच्या तोंडी रामाचे नाव असते. या अन्नदानामागे जुनी परंपरा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात महाराजांनी भुकेल्या लोकांना आपल्या शेतात काम दिले आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था केली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. नुसते जेवू न घालता कामही दिले, ही गोष्ट मला त्यांच्या उपदेशाशी जुळणारी वाटली, कारण प्रपंचातले कर्तव्य टाळा असे ते कोठेच सांगत नाहीत. प्रयत्न मनापासून करावा, मुखी नाम ठेवावे आणि कर्तेपण रामाकडे सोपवावे, एवढेच त्यांचे मागणे आहे.

हे सारे मी पूर्वी वाचलेले होते, तरी ते पटले पंगतीत. शेजारी माणमधलेच एक वयस्कर शेतकरी बसले होते. यंदा पाऊस कसा आहे, असे मी सहज विचारले, तेव्हा ते म्हणाले, “बाजरी पेरून आलोय. आता घरी बसून आभाळाकडं बघत राहिलो तर ते काय लवकर येणार हाय?” एवढे बोलून त्यांनी पुन्हा आमटी मागून घेतली. मी गेले दोन महिने नेमके हेच करत होतो: अर्ज पाठवून झालेले, खर्चाचा हिशेब मांडून झालेला, आणि उरलेला सारा वेळ आभाळाकडे बघण्यात चाललेला.

येथे तुमचे भविष्य कोणी सांगत नाही, तोडगा देत नाही, नवस बोलायला लावत नाही. समाधीपुढे बसून ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा जप करावा, पहाटेच्या काकड आरतीला जावे, वेळेवर जेवावे आणि वेळेवर झोपावे, असा हा दिनक्रम आहे. पहिल्या दिवशी जप करताना डोक्यात हप्त्यांचीच बेरीज चालू होती, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या रात्री मात्र मी मध्ये न उठता सकाळपर्यंत झोपलो. त्यापूर्वी अशी झोप कधी लागली होती, ते मला आठवत नाही.

ज्यांना निवांतपणा हवा आहे त्यांनी मार्गशीर्षातील पुण्यतिथी उत्सवाचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा मोठी गर्दी असते. अर्थात वद्य दशमीला पहाटे, महाराजांच्या निर्वाणाच्या वेळी, उधळल्या जाणाऱ्या गुलालासाठीच जाणाऱ्यांना हा सल्ला लागू नाही. गावातील थोरले राममंदिर समाधिमंदिरापासून जवळ आहे, तेथेही जाऊन यावे. कंपनीची यादी अजून लागलेली नाही. दिवाळीनंतर पुन्हा जाण्याचा विचार आहे, आणि तेव्हा थोडे दिवस पंगतीत वाढण्याची सेवा मिळते का, ते विचारणार आहे.