टेली-लॉ आणि सफाईचा छोटा धंदा: फुकट सल्ला कुठवर पुरतो?

घरं, सोसायट्या, छोटी ऑफिसं साफ करून देण्याचा धंदा काढताना कायद्यावरचा पहिला खर्च बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो. एजंट ‘सगळं करून देतो’ म्हणत पॅकेज विकतो आणि त्यातलं बरंचसं काम सरकारी पोर्टलवर फुकट होणारं असतं. उद्यम नोंदणीला (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आधार आणि पॅन पुरतं, फी शून्य (फी मागणारी हुबेहूब दिसणारी साइट उघडली असेल, तर लगेच बंद करा). जीएसटी नोंदणीला सरकारी फी नाही, आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा ती घ्यायची सक्तीही नसते. ज्याला सगळे अजून गुमास्ता म्हणतात, त्या दुकान-आस्थापना नोंदणीत वीसपेक्षा कमी माणसं असतील तर 2017 च्या कायद्याप्रमाणे ऑनलाइन सूचना दिली की झालं.

मग वकील लागतो कुठे? शंका विचारायला आणि करार लिहायला. पैकी पहिल्या कामासाठी केंद्र सरकारची टेली-लॉ सेवा चांगली आहे. जवळच्या सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन सेवा देणारं कॉमन सर्व्हिस सेंटर) जाऊन नाव आणि विषय नोंदवायचा, वेळ मिळते, पॅनलवरचा वकील फोनवर किंवा व्हिडिओवर बोलतो. 14454 हा टोल-फ्री नंबर आणि मोबाइल ॲपही आहे. सल्ल्याला पैसे नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.

पण ही सेवा सल्ल्यापुरतीच. तुमचा करार कुणी बसून लिहून देणार नाही, कोर्टात उभं राहणार नाही. दुसरी अडचण अशी की ‘धंदा सुरू करायचाय, काय काय लागेल?’ असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच येतं. एका कागदावर लिहून बसा: माणसं किती, त्यांना पगार की रोजंदारी, काम घरांचं की सोसायटीचं, महिन्याचं बिल किती. माणसं दहा झाली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि वीस झाली की पीएफ लागू होतो, त्यामुळे आकडा सांगितल्याशिवाय वकिलालाही नेमकं बोलता येत नाही.

धंदा बाईच्या नावावर असेल तर याहून चांगली सोय आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्यात स्त्रियांना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींनाही नाही. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाखांची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, हेल्पलाइन 15100. पात्र माणसाला इथे पुढे खटल्यासाठी वकीलही मिळतो. गर्दीमुळे वेळ लागतो, हे धरून चला.

खिशातले पैसे खर्च करायचे ते एकाच कागदावर: सोसायटीबरोबरच्या करारावर. नेटवरून उतरवलेल्या नमुन्यात नेमक्या कामाच्या गोष्टी नसतात. ‘जीएसटी वेगळा’ हे दोन शब्द राहिले आणि पुढे उलाढाल 20 लाखांवर गेली, की 18 टक्के आपल्याच खिशातून जातात. किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. वर्षभर दर बांधून घेतला तर नफा तिथेच आटतो. नुकसानभरपाईला कमाल रक्कम आणि तक्रारीला 48 तासांसारखी मुदत घाला. ॲसिडने मार्बलची चकाकी गेली तर ती पुसून परत येत नाही, पॉलिशच करावं लागतं, आणि ‘डाग आधीचाच’ हे सिद्ध करायला काम सुरू करण्यापूर्वीचे फोटो लागतात. स्टॅम्प पेपर किमान 500 रुपयांचा. 100 चा आता चालत नाही.

एक ओळ मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका: ‘ड्रेनेज व टाकी सफाई’. पाण्याची टाकी वेगळी, सेप्टिक टँक वेगळा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवला तर 2013 च्या कायद्याखाली पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे काम करारातून नाव घेऊन वगळा.

बिल अडकलं तर लगेच वकिलाची नोटीस नको. ग्राहक कंपनी असेल तर उद्यम नोंदणीच्या जोरावर लघुउद्योग मंत्रालयाच्या थकबाकीसाठीच्या पोर्टलवर अर्ज करता येतो. बिल चुकवायला ग्राहकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. मात्र नोंदणी काम घेण्याआधीची हवी. बिल थकल्यावर नोंदणी करून जुन्या बिलाचा दावा लावला, की समोरचा पहिला आक्षेप तारखेवरच घेतो.