अलक: लिहून कापायची की मोजून लिहायची?

अलक, म्हणजे अति लघु कथा, मी दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिली. एक, आधी सहाशे शब्द सैल लिहायचे, मग कात्री. यंत्रमागवाल्या बापाच्या गोष्टीत मी सोलापूरचा उन्हाळा, चादरींचे रंग, शेंगाचटणी, सगळं कोंबलं होतं. उरलं एवढंच: 'माग विकला त्या रात्री खटखट थांबली. बाबांना झोप लागेना.' त्यापुढचं 'ते फार दुःखी होते' खोडताना जिवावर आलं, पण तेच आधी जायला हवं होतं.

दुसरी, पहिल्यापासूनच शंभरात बसवायचं. वेळ वाचतो, पण माझ्या हातून गोष्टीऐवजी चुटका होतो. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीतला एखादा प्रसंग असेल तर चालतं. एरवी मी कापणाराच. कापलेली वाक्यं मात्र वहीच्या मागच्या पानावर ठेवतो.