१४ महिन्यांनी गेमिंग लॅपटॉप अचानक रखडला, आणि दोष निघाला चार्जरच्या पिनेत

हा लॅपटॉप घेऊन १६ महिने उलटले. स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. १६५ हर्ट्झचा स्क्रीन आजही डोळ्यांना सुख देतो, कीबोर्डबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. पहिल्या वर्षात मी दोन मित्रांनाही हाच घ्यायला लावला. वॉरंटी संपून दोन महिने झाले आणि एका संध्याकाळी ८५-९० एफपीएसवर (सेकंदाला इतक्या फ्रेम) चालणारा गेम थेट १४ वर आला. मेनू उघडायलाही वाट बघावी लागत होती.

पहिला संशय अर्थातच गरम होण्यावर. तळ उघडला, पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. ग्राफिक्स ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन समूळ काढला आणि पुन्हा टाकला. विंडोजचा पॉवर मोड, एसएसडी, रॅम, सगळं पाहून झालं. काडीचा फरक नाही. हा रिव्ह्यू त्याच दिवशी लिहिला असता तर सगळा राग कूलिंगवर काढला असता, आणि तो अन्याय झाला असता.

मग सर्व्हिस सेंटर. चार दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, "मदरबोर्ड बदलावा लागेल." खर्च जवळजवळ अर्ध्या लॅपटॉपचा. नक्की काय बिघडलंय विचारलं, तर "सर, अशा केसमध्ये बोर्डच जातो." रिपोर्टवर ना तापमान, ना क्लॉक (प्रोसेसरचा स्पीड), नुसती एक ओळ. लॅपटॉप माझाच चार्जर लावून तपासला होता. तपासणीचे पैसे मात्र घेतले. इतके पैसे घालायची माझी तयारी नव्हती, म्हणून लॅपटॉप उचलून घरी आणला.

त्या रात्री गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, स्पीड पाहिला. ०.७८ गिगाहर्ट्झ! एरवी तिथे ४ च्या आसपास आकडा असतो. तापमान ४९ अंश, पंखे जवळजवळ गप्प. इथे माझं मत फिरलं. गरम होऊन रखडणारा लॅपटॉप ९५-१०० अंशांना टेकतो, पंखे बोंबलतात आणि मग क्लॉक खाली येतो. माझा तर गार पडला होता. त्याला कुणीतरी दाबून धरलं होतं.

चार्जर काढला. स्पीड ३.६. परत लावला, ०.७८. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच. बॅटरीवर ग्राफिक्सला पूर्ण वीज मिळत नाही, तरी गेम चाळिशीत चालला. आणि आता बॅटरीकडे लक्ष गेलं. ती ६१ टक्क्यांवर अडकलेली. 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' हे कित्येक दिवस दिसत होतं, पण मी चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावलेली असल्याने त्या ओळीची नजरेला सवय झाली होती.

गोम अशी आहे. या चार्जरच्या गोल तोंडात मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. तिच्यातून वीज जात नाही, ओळख जाते. चार्जरमधली चिप तिच्यामार्फत लॅपटॉपला सांगते की मी किती वॅटचा आहे. हा निरोप पोचला नाही तर लॅपटॉप चार्जरला अनोळखी आणि कमजोर समजतो, बॅटरी भरणं थांबवतो आणि प्रोसेसरला तळाला नेऊन ठेवतो. टॉर्च मारून पाहिलं तर माझी पिन एका बाजूला कलून आतल्या कडेला टेकली होती. चिमट्याने अलगद सरळ केली. दोन दिवस सगळं झकास चाललं, तिसऱ्या दिवशी ती मुळापासून तुटली.

मित्राकडे हाच लॅपटॉप, म्हणून त्याचा चार्जर आणला. लावल्याबरोबर ४.१ गिगाहर्ट्झ, आणि काही मिनिटांत बॅटरीचा आकडाही एकने वर गेला. तो आकडा हलताना पाहून मी खरंच टाळी वाजवली.

थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसरचा स्पीड हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'बीडी प्रॉकहॉट'ची खूण काढली की स्पीड परत येतो, हेही करून पाहिलं. निदानासाठी ठीक आहे. कायमचं तसं ठेवू नका. प्रोसेसरबाहेरच्या भागांकडून येणारा इशाराच त्याने बंद होतो, त्यात खरा धोक्याचा इशाराही आला. मी त्याच वॅटचा अस्सल चार्जर मागवला. मदरबोर्डच्या मानाने खर्च किरकोळ.

आता कंपनीवरचा माझा मुख्य आक्षेप. चार्जर ओळखता आला नाही हे लॅपटॉपला कळतं, त्यावर तो कारवाईही करतो, मग तसं स्क्रीनवर सांगायला काय हरकत होती? बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) शिरलो तेव्हा चार्जरच्या प्रकारासमोर 'अननोन' लिहिलेलं सापडलं. गेम खेळणारा माणूस तिथे कशाला जाईल? विंडोजमध्ये एक ओळ दाखवली असती तर माझे तीन आठवडे वाचले असते. स्क्रीन आणि कीबोर्ड कितीही आवडत असले तरी यासाठी मी पूर्ण दोन तारे कापतोय.

नव्या चार्जरला दीड महिना झाला. गेम पुन्हा ८८ ला, बॅटरी बरोबर ८० वर थांबते. चार्जर काढताना आता वायर न ओढता तोंड धरून सरळ काढतो. तपासणीचे पैसे परत मागणारं पत्र सर्व्हिस सेंटरला दिलंय, तुटलेल्या पिनेच्या फोटोसकट. अजून उत्तर नाही.