कारवार वर्गाच्या माईनस्वीपर: तार, कटर आणि तीस वर्षं

भारतीय नौदलाच्या सहा माईनस्वीपर, म्हणजे समुद्रात पेरलेले सुरुंग साफ करणारी जहाजं: कारवार, काकिनाडा, कुडलूर, कन्नानोर, कोकण आणि कोझिकोड. बांधणी सोव्हिएत. कारवार 14 जुलै 1986 रोजी रीगा बंदरात नौदलात दाखल झाली, कोकण 1988 मध्ये. पहिली चार नावं 1956 च्या ब्रिटिश बनावटीच्या तुकडीकडून वारशाने आलेली.

साधारण 61 मीटर लांबी, दोन डिझेल इंजिनं, सोळा नॉटच्या आसपास वेग. सांगाडा कमी चुंबकीय पोलादाचा, कारण चुंबकीय सुरुंगाला जहाजाचं लोखंडच कळतं. उरलेलं चुंबकत्व डीगॉसिंगच्या, म्हणजे वीज सोडलेल्या तारांच्या, वेटोळ्यांनी मारायचं. ती यंत्रणा चोख ठेवली नाही तर जहाज स्वतःच सुरुंगाचं भक्ष्य होतं.

खरं काम मागच्या डेकवर. नांगरलेल्या, म्हणजे तळाशी दोरीने बांधलेल्या, सुरुंगासाठी पोलादी तार मागे सोडतात. पाण्यातून ओढला जाणारा ऑटर नावाचा फलक ती बाजूला ताणतो, काईट नावाचा दुसरा फलक खाली दाबून ठेवतो, वर तरंगतं फ्लोट. सुरुंगाची दोरी तारेवरून घसरत तिच्यावर बसवलेल्या कटरपाशी आली की तुटते, सुरुंग वर येतो आणि मग सुरक्षित अंतरावरून तोफेने उडवतात. चुंबकीय सुरुंगासाठी वीजप्रवाह सोडलेली केबल, ध्वनीने फुटणाऱ्यासाठी आवाज करणारं यंत्र. हे सगळं या जहाजांवर एकत्र होतं, आणि हीच त्यांची मोठी जमेची बाजू.

उणिवा मात्र जन्मजात. तार खडकात, बुडालेल्या जहाजात किंवा डोलजाळ्यात अडकली की ताण वाढून तुटते. काही सुरुंग पहिली ठरावीक जहाजं मुद्दाम जाऊ देतात, त्यामुळे एकाच पट्ट्यावर पुन्हा पुन्हा फिरावं लागतं. जहाज वरून जाताना पाण्याचा दाब बदलतो, त्यावर फुटणारा सुरुंग तर अशा साफसफाईने जवळपास फसतच नाही. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे जहाजाला आधी स्वतः सुरुंगाच्या पाण्यात शिरावं लागतं. आजची पद्धत उलटी आहे: सोनारने सुरुंग शोधायचा आणि रिमोटवर चालणारं वाहन त्याच्यापाशी पाठवायचं. या पिढीच्या स्वीपरला ते झेपणारं नव्हतं.

तरी मजबुतीला पूर्ण गुण द्यावेत. कारवार आणि काकिनाडा 9 मे 2017 ला मुंबईत निवृत्त झाल्या, तेव्हा दोघींची तिशी उलटली होती. कुडलूर मार्च 2018 मध्ये विशाखापट्टणमला निवृत्त झाली. शेवटच्या कोकण आणि कोझिकोड, 13 एप्रिल 2018.

खंत पुढची आहे. गोवा शिपयार्डमध्ये कोरियन भागीदारीत बारा नव्या नौका बांधायच्या होत्या, तो व्यवहार 2018 मध्ये फिसकटला. जुलै 2025 मध्ये नव्या खरेदीला प्राथमिक मंजुरी मिळाली. सुरुंग साफ करणाऱ्या खास नौकांची जागा एप्रिल 2018 पासून रिकामीच आहे. मुंबईसारख्या बंदराच्या तोंडाशी दोन-चार सुरुंग पेरले तरी वाहतूक थांबू शकते, तेव्हा जुन्या का होईना, या सहा जहाजांची किंमत कळते.