माउंट केनिया, पॉइंट लेनाना: पैसे वसूल, फक्त एक मुक्काम वाढवून मागा

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. डोंगराला पाचपैकी पाच. गाईड, स्वयंपाकी आणि पोर्टर मिळून पावणेपाच; तो पाव गुण का कापला ते पुढे येईलच. आणि ज्या कंपनीमार्फत गेलो तिच्या नैरोबीतल्या ऑफिसला दोन, तेही बिल झटपट पाठवतात म्हणून. कंपनीचं नाव देत नाही, कारण देऊन फारसा उपयोग नाही. डोंगराच्या पायथ्याची गावं म्हणजे नन्युकी आणि चोगोरिया; या दोन्ही बाजूंचे बरेच गाईड मोकळेच असतात. आज या कंपनीचं काम, पुढच्या आठवड्यात दुसरीचं. माणसं कोण वाट्याला येतात त्यावर ट्रेक कसा होणार ते ठरतं, म्हणून ऑफिसशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारा: गाईड कोण, आणि निघण्याआधी त्याच्याशी फोनवर बोलता येईल का?

मी सांगलीत फिजिओथेरपी करते, वय सत्तेचाळीस. पावसाळाभर सह्याद्रीत भटकते, हिमालयातही थोडंफार झालंय. मावसबहीण नैरोबीला असते. "ताई, किलीमांजारोला सगळेच जातात, तू आमच्या डोंगरावर ये," असं ती कित्येक वर्षं म्हणत होती. शेवटी दोघी मिळून गेलो. आफ्रिकेतला हा दुसऱ्या क्रमांकाचा उंच पर्वत. त्याची सर्वोच्च टोकं म्हणजे बाटियान (५१९९ मीटर) आणि नेलियोन (५१८८). दोन्ही सरळसोट सुळके, दोर आणि कातळारोहण येणाऱ्यांसाठीच. तुमच्या-माझ्यासारख्यांनी जायचं ते पॉइंट लेनानाला, ४९८५ मीटर. चढायला पार्कचं सिरिमोन गेट, उतरायला चोगोरिया. दोन बाजू बघायच्या असतील तर हीच जोडी घ्या. आम्हाला माणशी नऊशे डॉलरच्या आसपास पडले. त्यात पार्कची फी, मुक्काम, जेवण, नैरोबीपासूनची गाडी असं सगळं आलं.

आता मुद्द्याचं. ऑफिसने पाठवलेला कार्यक्रम असा होता: सिरिमोन गेट २६५० मीटर, पहिला मुक्काम ओल्ड मोझेस ३३००, दुसरा शिप्टन्स कॅम्प ४२००, आणि त्याच रात्री उठून लेनाना. कागदावर बरं दिसतं. पण तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हे उंचीवरच्या आजारांचा कुठलाही डॉक्टर सांगेल. इथे एका दिवसात नऊशेची उडी. माउंट केनियावर डोकेदुखी-उलट्यांनी इतके लोक हैराण होतात ते यामुळेच. डोंगर अवघड नाही, पण गाडीरस्ता फार वरपर्यंत नेऊन सोडतो आणि मग सगळ्यांना घाई सुटते.

मी ऑफिसला लिहिलं की ओल्ड मोझेसला एक रात्र जास्त हवी. उत्तर आलं, बहुतेक गिऱ्हाइकं चार दिवसांत आरामात करतात. मी परत लिहिलं. मग जास्तीचे पैसे सांगितले. पार्कची एका दिवसाची फी, टीमचा पगार आणि शिधा धरता ते रास्तच होते. राग आला तो "आरामात" या शब्दाचा. शिप्टन्सला आमच्या शेजारच्या बंकवर एक तरुण मुलगा होता, अंगापिंडाने माझ्यापेक्षा दुप्पट तगडा. रात्रभर बादलीत ओकत होता. पहाट व्हायच्या आत त्याच्या गाईडने त्याला खाली नेलं, आणि तेच बरोबर केलं. त्याच्या कंपनीचा कार्यक्रमही चार दिवसांचाच होता.

जास्तीच्या दिवशी आम्ही ओल्ड मोझेसच्या वरच्या धारेवर सुमारे ३७०० मीटरपर्यंत चढलो, तिथे डबा खाल्ला आणि खाली येऊन झोपलो. बहिणीने डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घेतली होती, मी नाही. शिप्टन्सला गाईडने बोटाला ऑक्सिमीटर लावला तेव्हा रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण माझं ८४ टक्के आलं, तिचं ८७. डोकं जड होतं, पण जेवण गेलं. इतक्या उंचीवर तेवढं पुरे.

गाईडबद्दल लिहायलाच हवं. चाळिशीतला, चोगोरियाकडचा, मेरू जमातीचा माणूस. "पोले पोले", म्हणजे हळूहळू चला, हे पूर्व आफ्रिकेतला प्रत्येक गाईड म्हणतो आणि त्यातले अर्धे बोलून झालं की टांगा टाकत सुटतात. हा खरंच हळू चालायचा. माझा धंदाच लोकांची चाल बघायचा, त्यामुळे मी त्याच्या पायांवरून नजर काढली नाही. चढावर पूर्ण तळवा टेकायचा, मागचा गुडघा क्षणभर सरळ करून वजन हाडावर घ्यायचा, मग पुढचं पाऊल. मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला एवढीशी सुट्टी घेतात. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बोलताना दम लागायला लागला की वेग कमी, एवढाच त्याचा नियम. म्हणून तो मुद्दाम प्रश्न विचारत राहायचा. सांगलीत काय पिकतं, हळद जमिनीतून कशी काढतात, नवरा का नाही आला. मी तुटक उत्तर दिलं की तो थांबायचा.

नन्युकीहून निघायच्या आधी त्याने पोर्टरच्या सगळ्या बॅगा काट्याला लावल्या. एका पोरावर जास्त बोजा आला होता, तर त्यातला रॉकेलचा डबा काढून स्वतःच्या सॅकला बांधला. यामुळे मी बाकीचं बरंच माफ केलं.

जेवणाची मला धास्ती होती, कारण मी शाकाहारी. सांगायला आनंद वाटतो की केनिया शाकाहारी माणसाला उपाशी ठेवत नाही. चपाती आहे, तिला चपातीच म्हणतात, आपल्यापेक्षा जाड आणि तेलात पदर सुटलेली. न्देंगू म्हणजे अख्ख्या हिरव्या मुगाची उसळ. गिथेरी म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला, किकुयू लोकांचं रोजचं. सुकुमा विकी ही हिरवी पालेभाजी कांदा-टोमॅटोवर परतलेली. चहा दुधात उकळलेला, आलं मागितलं तर आलं घालून. आणि सकाळी उजी, नाचणीची पातळ पेज. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेतल्याच डोंगराळ भागातलं धान्य, तिथून आपल्याकडे आलेलं. आजोळी येऊन खाल्ल्यासारखी मी रोज दोन वाट्या रिचवली. स्वयंपाकी दुपारी पोचल्या पोचल्या चहाबरोबर पॉपकॉर्न द्यायचा. तिखट मात्र घरूनच न्या. माझी लसणीची चटणी दुसऱ्या दिवशी स्वयंपाक्याच्या ताब्यात गेली ती परत आली नाही.

ओल्ड मोझेस ते शिप्टन्स हा दिवस या ट्रेकचा खरा गाभा, आणि मी तो पुन्हा चालायला तयार आहे. आधी दलदलीचं माळरान, बूट भिजतात, कंटाळा येतो. मग धार ओलांडली की खाली मॅकिंडर व्हॅली उघडते आणि झाडं विचित्र व्हायला लागतात. जायंट ग्राउंडसेल हे कोबी डोक्यावर घेतलेल्या खांबासारखं झाड, वाळलेली पानं न गाळता बुंध्याभोवती घट्ट धरून ठेवतं. रात्री पारा शून्याखाली जातो, दुपारी उन्हाने अंग भाजतं, आणि हे वर्षभर रोज. त्या वाळक्या पानांच्या गोधडीमुळे खोडातलं पाणी गोठत नाही. लोबेलियाची तऱ्हा आणखी वेगळी. जमिनीलगत पानांची मोठी वाटी, तिच्यात पाणी साठलेलं. सकाळी लवकर मी एका वाटीत बोट घातलं. वर पापडाएवढा पातळ बर्फ, तो टचकन फुटला, खालचं पाणी पाणीच होतं, किंचित बुळबुळीत. मधला कोंब त्या पाण्याखाली सुरक्षित. गाईडने लगेच दटावलं, दिवसभर वाट्या फोडत बसू नका. बरोबर होतं त्याचं.

शिप्टन्सला बाटियान-नेलियोन अगदी डोक्यावर येतात. हॅलफर्ड मॅकिंडर १८९९ मध्ये आल्प्समधल्या दोन गाईडांना घेऊन बाटियानवर पोचला. दरीचं नाव त्याचंच. आणि १९४३ मध्ये नन्युकीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून तीन इटालियन पळाले ते स्वातंत्र्यासाठी नव्हे, डोंगर चढायला. बुटांना लावायचे बर्फावरचे खिळे (क्रॅम्पॉन) घरगुती, शिधा वाचवून ठेवलेला. दोघं लेनानाला झेंडा लावून आले आणि मुकाट्याने छावणीत परत गेले. हे मी हायरॅक्सच्या सोबतीने ऐकलं. हायरॅक्स हा सशाएवढा गुबगुबीत प्राणी, हत्तीचा नातेवाईक म्हणे आणि ते खरंही आहे. झोपडीच्या दारात बसून तुमच्या बिस्किटावर डोळा ठेवतो. देऊ नका.

शिखराची रात्र. इथे तो पाव गुण गेला. गाईडने आम्हाला फार लवकर उठवलं. आमचा वेग त्याने कमी धरला होता. घसाऱ्याची खडी वाट, हॅरिस टार्न या तळ्याच्या काळ्या पाण्याशेजारून वर, आणि शेवटी कातळात ठोकलेल्या लोखंडी शिड्या नि तारा. हातमोज्यांतूनही लोखंडाचा चटका लागतो, पण अलंग-मदनचा रॉकपॅच केलेल्याला यात भिण्यासारखं काही नाही. वर पोचलो तर सूर्य उगवायला बराच वेळ, आणि वारा असा की दात वाजत होते. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर आहे यावर विश्वास बसेना. शेवटी लाल पट्टा दिसला, मग दक्षिणेला ढगांवर किलीमांजारोचा ठिपका. पायाशी लुइस हिमनदी. तिला नदी म्हणायचं जिवावर येतं. १९३४ ते २०१० मध्ये तिचं नव्वद टक्क्यांच्या आसपास आकारमान गेलंय, आणि उरलंय ते मळक्या चादरीसारखं कडेला पडलेलं.

चोगोरियाची उतराई देखणी आहे. हॉल टार्न्सची तळी, आणि टेम्पल नावाच्या कड्याच्या टोकावरून सुमारे तीनशे मीटर खाली मायकेलसन सरोवर. बहीण तिथून हलेना. खाली उतरत गेलं की हेदरची झुडपं, मग बांबू, वाटेवर हत्तीची ताजी लीद आणि गाईडचं अचानक गप्प होणं.

ऑफिसवर राग का, ते आता. भाड्याने दिलेल्या स्लीपिंग बॅगची चेन अर्ध्यात अडकलेली. उणे दहाला चालेल म्हणून दिली होती. गाईडने स्वतःची बॅग मला दिली आणि तो दोन ब्लँकेटांत झोपला. चोगोरिया गेटला ठरलेली जीप आली नाही. गेटपासून गावापर्यंत जंगलातून तीसेक किलोमीटरचा चिखलरस्ता, चालत जायचा प्रश्नच नाही. ऑफिस फोन उचलेना. गाईडने गावातल्या ओळखीच्या जीपवाल्याला बोलावलं, पैसे स्वतः भरले, आणि ते ऑफिसकडून सोडवायला त्याच्या वतीने मला तीन मेल लिहावे लागले. मिळाले शेवटी.

काही कामाच्या गोष्टी. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. प्रमाणपत्र नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर अडकाल. केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक चालत नाही, तेव्हा चिवडा-लाडू डब्यांत भरा. जानेवारी-फेब्रुवारी किंवा ऑगस्ट-सप्टेंबर बघा. नन्युकीला विषुववृत्ताच्या पाटीखाली भांड्यातलं पाणी रेषेच्या इकडे उजवीकडे, तिकडे डावीकडे फिरवून दाखवतात. पृथ्वीच्या फिरण्याचा एवढ्याशा भांड्यावर काही परिणाम होत नाही, सगळी कमाल ओतणाऱ्याच्या मनगटाची आहे. पण करमणूक म्हणून पन्नास शिलिंग द्यायला हरकत नाही. बक्षिसी प्रत्येकाच्या हातात वेगळी द्या, सगळ्यांसमोर, शिलिंगमध्येच. ऑफिसच्या पाकिटात टाकू नका.

आणि हे माझ्या धंद्यातून: लेनानापासून चोगोरिया गेट दोन हजार मीटर खाली आहे. वाटेतल्या मिंटोज कॅम्पला किंवा एलिस तलावाशी मुक्काम करून ते दोन दिवसांत उतरा. एका दिवसात उतरवणारा कार्यक्रम असेल तर नाही म्हणा. गुडघ्यांची जुनी तक्रार असेल तर आल्या वाटेने सिरिमोनलाच परत या. सरोवर हुकेल, पण दरी दुसऱ्यांदा बघायला मिळेल, आणि त्या बाजूला जीप बिघडली तरी नन्युकी जवळ आहे.